नणंदेनं उतरवलेली भिंत

माझ्या नणंदेचा मोर्च्यातला एकच फोटो आहे, आणि त्यात ती बस थांबवतेय. हे मला आणि तिलाच ठाऊक. बाकी सगळ्यांना वाटायचं की ती घोषणा देतेय.

फोटो आहेच तसा. उजवा हात उंच, मूठ आवळलेली, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ. पुढे खुर्चीत माझे सासरे, हातात मी दिलेला फलक. खरं असं होतं की त्या दिवशी सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि मी त्यांना परस्पर मोर्च्यात आणून बसवलं होतं. ही त्यांना शोधत आली. मुठीत त्यांच्या गोळ्यांची पट्टी होती. गर्दी बघून बसवाला थांबेना, म्हणून ही त्याच्या नावानं ओरडत होती. कुणीतरी नेमका तेव्हा फोटो काढला. मी तो आमच्या गटाच्या साइटवर सगळ्यात वर लावला, खाली बापलेकीची पूर्ण नावं आणि गल्ली. तिनं बघितला आणि एवढंच म्हणाली की वहिनी, बस तरी कापायची नव्हतीस, मग मी कुणावर ओरडतेय ते लोकांना कळलं असतं.

आमचा गट भाडेकरूंचा. घरमालकानं पाणी तोडलं, कुलूप घातलं, सामान रस्त्यावर फेकलं की आम्ही जातो. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई. कायदा शिकले ते कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहून, वकिलांच्या गप्पा ऐकत. साइटसुद्धा मी स्वतःच शिकून केली. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून, एकेक बटण दाबून बघत. त्यामुळे त्या साइटला कुणी नावं ठेवली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि नणंद तर भेटेल तेव्हा नावं ठेवायची.

तिचा धंदाच तो. वय चाळीशी ओलांडलेलं, किरकोळ बांधा, चष्मा सदा डोक्यावर आणि मग तोच चष्मा घरभर शोधणं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, केलं असतं, पण नवऱ्यातलंही निम्मं काढून टाकलं असतं. आधी एका छापखान्यात होती, तिथं व्हिजिटिंग कार्डं जुळवायची. छापखाना बंद पडल्यावर दुकानांच्या साइट करायला लागली. चपलांचं दुकान, पडद्यांचं दुकान, दातांचा दवाखाना. दुकानदाराला पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा असतो, वडिलांचा हवा असतो, दुकान कधी निघालं ती कथा हवी असते. ही सगळं काढते. चप्पल ठेवते, किंमत ठेवते, विकत घ्यायचं बटण ठेवते. दुकानदार रडतो, भांडतो, आणि मग आपल्या मेव्हण्याला तिच्याकडे पाठवतो. आमच्या गटात तिला खोडरबर म्हणतात ते उगीच नाही.

चळवळीचं तिला वावडं होतं. तुम्ही लोक फार ओरडता, असं तिचं मत. बाप ओरडणारा, भाऊ ओरडणारा, आणि भावानं बायको आणली ती सगळ्यांच्या वरताण. हे ती माझ्यासमोर सांगायची, आणि सासरे ऐकू कमी येत असूनही नेमके इथे हसायचे.

ती आणि सासरे एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहत होते. घरमालकाचा मुलगा परत येणार म्हणून त्यानं जागा मागितली. रीतसर मुदत देऊन, कागदात कुठं खोट न ठेवता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटिसा फाडून काढल्या आणि स्वतःच्या नणंदेच्या नोटिशीत मला बोट घालायला फट सापडेना. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना तळमजला हवा किंवा लिफ्ट. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अर्ध्या घरात फलकांच्या काठ्या. तिथं त्यांना आणायचं म्हणजे पुन्हा कधी खाली उतरवायचंच नाही.

म्हणून नणंद खोल्या बघत हिंडत होती आणि एकही मिळत नव्हती. घरमालक आधी गोड बोलायचा. नाव, पत्ता, कुठं राहता सगळं विचारून घ्यायचा, चहा पाजायचा. दुसऱ्या दिवशी फोन यायचा की नाही हो, आमच्याच नात्यातलं कुणीतरी येतंय. तिला वाटायचं, बिनलग्नाची बाई आणि म्हातारा बाप, म्हणून नको म्हणतात. मलाही तेच वाटायचं. एकदोघांना मी फोनवर असं फैलावर घेतलं की त्यांनी फोन बंद करून ठेवला. उपयोग शून्य.

शेवटी मी छाती ठोकून सांगितलं की खोली मी शोधते, या शहरातला घरमालक मला नाही म्हणेल तर बघते. ती म्हणाली, बरं, मग तोवर मी तुझी साइट धुऊन देते, माझे डोळे दुखतात ती बघून. सौदा ठरला.

आमचा गट भरतो तो मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात. कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर तिनं लॅपटॉप उघडला आणि पहिल्या झटक्यात गाणं बंद केलं. साइट उघडली की आमचं गाणं आपोआप सुरू व्हायचं. ते मास्तरांच्या आवाजात होतं. मास्तर कात्री हातात धरून नुसते बघत राहिले. मग तिनं गरगर फिरणारी लाल मूठ काढली. मग धावणारी घोषणा. वरची पट्टी तिनं मोठ्यानं वाचून दाखवली: आमचा गट, आमची भूमिका, आमचा लढा, आमचे विजय. आणि म्हणाली, सगळं तुमचंच आहे, ज्याच्या नळाला पाणी नाही त्याचं काय आहे इथे?

मी म्हटलं, मदतीचा नंबर आहे. कुठं, म्हणाली. मी दाखवला. 'आमची भूमिका'मध्ये, शेवटच्या परिच्छेदात, जागतिक परिस्थितीच्या खाली.

तिची एक पद्धत आहे. साइट कशी आहे हे ती आपल्याला विचारत नाही. ज्यानं साइट कधी बघितलेली नाही त्याला खुर्चीत बसवते, एक काम सांगते आणि मागे उभी राहून बघते. कुणी मदत करायची नाही. कुणी बोलायचं नाही. ती याला चाचणी म्हणते. दारात आलेल्या कुणालाही ती सोडत नाही. पाणी मोजायला आलेला, कुरिअरवाला, सगळे तिच्या खुर्चीत बसून गेलेत.

आमच्याकडे तिनं आधी बसवलं एका नर्सबाईंना. मास्तरांकडे गणवेश द्यायला आल्या होत्या. तिनं सांगितलं, समजा तुमच्या घरमालकानं पाणी तोडलंय, आता इथून मदत मिळवा. नर्सबाई हुशार. दिवसभर शिरा शोधून सुया टोचणारी बाई. तिला आमचा नंबर सापडेना. एकदा लढ्यात शिरली, बाहेर आली. भूमिकेत शिरली, अर्ध्यावर जांभई दिली, बाहेर आली. मला राहवेना. अहो, खाली बघा ना, खाली, असं मी ओरडले, तेव्हा नणंदेनं दंडाला धरून मला दुकानाच्या बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. काचेतून मी बघत होते. नर्सबाई चष्मा काढून म्हणाल्या की बाई गं, एव्हाना मी घरमालकाचे पाय धरले असते.

मला धक्का बसला तो असा की मी घरी जाऊन जेवले नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की अडचण आली तर साइट बघा.

पण एक गोष्ट मी तिला बजावून ठेवली होती. बाकी काय खोडायचं ते खोड, भिंतीला हात लावायचा नाही.

विजयाची भिंत म्हणजे आमच्या साइटचा जीव. आमची रीत होती. एखादं कुटुंब जिंकलं की त्यांना त्यांच्याच दारात उभं करायचं, हातात किल्ली द्यायची, फोटो काढायचा. मग सगळ्यांनी दुकानात जमायचं आणि फोटो भिंतीवर चढला की टाळ्या. फोटोखाली पूर्ण नाव, गल्ली, इमारत, मालकानं काय छळ केला आणि आम्ही त्याला कसा वाकवला. शोधायची सोयसुद्धा मी केली होती. नाव टाका, फोटो हजर. ते शिकायला माझा जीव मेटाकुटीला आला होता. उद्या कुणाच्या नातवानं आजीचं नाव टाकलं तर त्याला ती लढताना दिसावी, हा त्यामागचा हेतू. नणंदेनंही भिंत वापरून बघितली आणि म्हणाली, वहिनी, तुझ्या साइटवर नीट चालणारी ही एकच गोष्ट आहे. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे काय, मी ते चार लोकांना सांगितलं.

मग तो दलाल आला.

मी त्या सकाळी नणंदेकडे सामान बांधायला गेले होते. खोली मिळालेली नव्हती, पण मुदत काही थांबत नव्हती. घरमालकानं त्याला जागेचे फोटो काढायला पाठवलं होतं, मुलगा राहणार ती वरची, ही खालची तो भाड्यानं देणार होता. म्हणजे तिथंही लबाडी होतीच, पण त्यासाठी कोर्टात जायला नणंद तयार नव्हती. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, बोलणं अगदी मऊ. चपला दाराबाहेर काढून आत आला. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. त्यानं दोन्ही खोल्यांचे फोटो काढले आणि निघाला, तेवढ्यात नणंद म्हणाली की दहा मिनिटं आहेत का, एक छोटं काम आहे.

तो हसत हसत बसला. मी पलंगावर सासऱ्यांच्या शेजारी, तोंड बंद ठेवायच्या हुकुमाखाली. नणंदेनं जुनी साइट उघडून दिली आणि नेहमीचं काम सांगितलं: मालकानं पाणी तोडलंय, मदत मिळवा.

त्यानं पडद्याकडे बघितलं आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखा खूश झाला. मदतीचं मला नाही ठाऊक, म्हणाला, मी इथं एवढंच बघतो. आणि त्याचं बोट सरळ भिंतीवर गेलं. नर्सबाई जिथं चाचपडत होत्या तिथून हा अंधारातसुद्धा स्वतःच्या घरात चालावं तसा चालत गेला.

नणंदेनं विचारलं, "इथं काय बघता?"

"भाडेकरू. खोली मागायला आला की नाव टाकायचं. फोटो आला की विषय संपला."

मी उठले. मला काय करायचं होतं ते मला ठाऊक नाही, पण हातात पाण्याचा तांब्या होता. नणंदेनं मागं न बघता एक बोट वर केलं.

"बस वहिनी. चाचणी चालू आहे."

आणि ती त्याला विचारत गेली. दातांच्या दवाखान्यात दुखतं कुठं ते विचारतात तशा आवाजात. नावानं सापडलं नाही तर काय करता? तर गल्लीच्या नावानं बघतो, म्हणाला, माणूस आडनाव लग्नानं बदलेल, आधीची गल्ली कशी बदलेल? सगळेच दलाल बघतात का? सगळेच. नवा माणूस धंद्यात आला की त्याला पहिल्यांदा हेच दाखवायचं. फोनच्या पहिल्याच पानावर त्यानं ही साइट ठेवली होती, तीही काढून दाखवली. फार चांगली सोय केलीय हो कुणीतरी, म्हणाला. आमच्या लोकांना एवढं व्यवस्थित जमलं नसतं. मालकानं काय केलं, केस किती चालली, सगळं लिहिलेलं. मालक वाचतो आणि हात जोडतो.

"वापरताना काही अडचण?" नणंदेनं विचारलं.

"फोटो मोबाइलवर हळू उघडतात. तेवढं बघा."

तांब्या माझ्या हातात तसाच होता. त्याच्यावर राग यावा तर तो येत नव्हता. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. आपण भाजीवाल्याला सांगतो ना, तुमची भाजी ताजी असते हो, तसं तो मला सांगत होता.

मग त्यानं वरचा मोठा फोटो बघितला. खाली नाव वाचलं. पडद्याकडे, तिच्याकडे, सासऱ्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खरोखर पडला.

"अहो, या तर तुम्हीच," तो म्हणाला. "मग ताई, तुम्ही कशाला पायपीट करताय? तुम्हाला इथं कोण देणार?"

सासऱ्यांनी मला विचारलं, काय म्हणतो? मी त्यांना सांगितलं नाही.

नणंदेनं त्याला दारापर्यंत पोचवलं. स्वयंपाकघराचा फोटो अंधारात आला असेल, पडदा बाजूला करून परत काढा, असंही सुचवलं, आणि त्यानं परत काढला. तो गेल्यावर ती खुर्चीत बसली. मला वाटलं आता ही माझ्यावर तुटून पडणार. मी तयार होते. तुटून पडली असती तर बरं झालं असतं. ती डोक्यावरचा चष्मा शोधत होती आणि तो सापडत नव्हता, आणि मी तो तिला काढून दिला, तेव्हा तिनं विचारलं, "तू त्या इस्त्रीवाल्या बाईंशी का बोलत नाहीस?"

इस्त्रीवाली म्हणजे आमच्या भिंतीवरची पहिली बाई. मालकानं तिची कोळशाची इस्त्री गटारात टाकली होती. तिच्यासाठी आम्ही सगळी गल्ली धरण्याला बसवली होती. ती जिंकली, पुढे सुनेसाठी मोठी जागा हवी म्हणून ती खोली तिनं सोडली, आणि नंतर गटात यायची बंद झाली. शहराच्या टोकाला बहिणीच्या स्वयंपाकघरामागे राहते असं कळलं. जिंकलं की माणूस ढिला पडतो, असं आम्ही म्हणायचो. मी तर बाजारात समोरून आली की मान फिरवायची. अशी आणखीही माणसं होती. भिंतीवरून खाली न उतरता गटातून गेलेली. त्यांच्याबद्दल मी बैठकांमध्ये काय काय बोलले होते ते मला त्या पलंगावर बसल्या बसल्या ऐकू यायला लागलं.

त्याच दुपारी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. बहिणीच्या घरामागे पत्र्याची पडवी, तिथं टेबल, टेबलावर दुसऱ्यांचे कपडे. मला बघून तिनं इस्त्री उभी केली आणि हात पुसले. मी विचारलं, तुम्हाला खोली का मिळाली नाही? ती सहज म्हणाली की भिंतीमुळे. एका मालकानं तिला तिचाच फोटो दाखवला होता, हातात किल्ली घेतलेला. छान आलाय, असंही म्हणाला होता.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही?

"कसं सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

माणसाला लाज वाटली की तो शहाणा होतो असं लोक समजतात. मी झाले नाही. संध्याकाळी दुकानात बैठक बसली तेव्हा मी भिंतीच्या बाजूनं भांडले. मास्तरही भांडले. भिंत उतरवली म्हणजे ते जिंकले, असं ते म्हणाले, आणि मी टेबलावर हात आपटून त्याला दुजोरा दिला. आमच्या लोकांनी तोंड का लपवायचं? लपवायचं तर मालकांनी. मी हेही बोलून गेले की वन्सं, तुम्हाला खोली मिळत नाही म्हणून तुम्ही आमच्या लढ्यावर बोळा फिरवताय. मी तिला वन्सं आणि तुम्ही म्हटलं की घरात सगळे गप्प बसतात.

तिनं चष्मा डोक्यावर सरकवला.

"हो," ती म्हणाली. "माझ्या खोलीसाठीच करतेय. तुमचा गट कशासाठी आहे?"

शिवणयंत्राच्या पायट्यावर मास्तरांचा पाय होता. तो हलला आणि यंत्र उगाच एकदा खडखडलं.

तरी ती एकदम उतरवू म्हणाली नाही. म्हणाली, तुमचंही ऐकायचं नाही आणि माझंही नाही, ज्यांचे चेहरे आहेत त्यांना विचारा. मग आम्ही फोन करायला बसलो. मला वाटलं होतं निदान निम्मे तरी म्हणतील, राहू द्या. काही म्हणाले. एक म्हातारा पहारेकरी म्हणाला, माझा ठेवा, मला आता या खोलीतून एकाच ठिकाणी जायचंय आणि तिथं साइट बघत नाहीत. पण एकीला फोनवर बोलताच येईना. तिचा मुलगा बोलला, आणि फार वाईट बोलला. मी उलट उत्तर दिलं नाही. एका बाईनं विचारलं की काढता येतो? म्हणजे हे काढता येत होतं? तिला वाटत होतं एकदा चढलं की कायमचं. बऱ्याच जणांचे नंबरच बंद होते. त्यांचं काय झालं असेल ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

ठेवा म्हणणारे इतके थोडे निघाले की सगळी भिंतच उतरवायची ठरली. उतरवायच्या वेळी नणंदेनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गाणं मी काढलं, म्हणाली, हे तू काढ. एक बटण होतं. खरंच काढायचं का, असं ते मशीन उलट विचारतं, त्यालाही हो म्हणावं लागतं. म्हटलं. भिंत पडली की आवाज व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. पान पांढरं झालं आणि मास्तर दिवा लावायला उठले.

नवी साइट तिनं केली ती मला अजून उघडीबोडकी वाटते. वर एकच प्रश्न: घरात काय झालंय? खाली पाणी तोडलं, कुलूप घातलं, सामान बाहेर काढलं, नोटीस आली. जे झालं असेल त्यावर बोट ठेवायचं, की आज काय करायचं ते दोन ओळींत आणि मोठ्या अक्षरांत नंबर. आमचा गट, आमची भूमिका हे सगळं खाली तळाशी, हवं त्यानं वाचावं. नर्सबाईंना पुन्हा बसवलं. त्यांनी नंबर शोधला आणि विचारलं, एवढंच? नणंद म्हणाली, एवढंच.

आणि तिची मुदत संपायला आली असताना तिच्या फोनवर त्या दलालाचा फोन आला. मी तिथंच होते. त्यानं तिचं नाव टाकून बघितलं होतं, काहीच आलं नव्हतं. चांगलं काम केलंत ताई, म्हणाला, आता एक तळमजला आहे, दाखवतो.

मला वाटलं ती फोन आपटेल. तिनं विचारलं, पायऱ्या किती आहेत?

त्या दिवशी मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्यानं आपल्या लोकांना बेघर केलं त्याच्याच हातून किल्ली घ्यायची? इस्त्रीवालीला काय तोंड दाखवशील? ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत राहिली. म्हणाली, वहिनी, तो दलाल आहे, खोल्या त्याच्याकडेच असतात. मी म्हटलं, मी शोधून देते म्हटलं होतं ना? तिनं पुढचं भांडं गुंडाळायला घेतलं. मी शोधलेली एकही खोली मिळाली नव्हती, आणि हे तिनं मला कधीच ऐकवलं नाही, तेव्हाही नाही.

नवऱ्याच्या गाडीतून आम्ही दोघं सामान घेऊन गेलो. खोली खरंच चांगली निघाली. दाराला एकच पायरी. सासरे काठी टेकत स्वतःच्या पायांनी बाहेर गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, कुणाशी तरी बोलायला लागले. किती दिवसांनी मी त्यांना कुणाचा हात न धरता बघत होते. माझा राग निम्मा तिथंच गेला. उरलेला निम्मा करार बघून परत आला.

तिनं तो माझ्यापुढे ठेवला होता, मुद्दाम. त्यात शेवटून दुसरी अट अशी होती की भाडेकरू कुठल्याही भाडेकरू गटाचा सभासद असणार नाही, असल्याचं आढळल्यास जागा ताबडतोब सोडील. खाली तिची सही.

इतक्या वर्षांत इतके करार बघितले, पण असं कलम मी कधी बघितलं नव्हतं. भिंत होती तोवर त्यांना ते लिहायची गरजच पडली नव्हती. मी खाली बसले. तिथं अजून खुर्ची नव्हती, फरशीवरच बसले.

मी विचारलं, "ही सही करताना तुला काहीच वाटलं नाही?"

"मी सभासद आहे कुठं?" ती म्हणाली. "मी तुझी नणंद आहे. नणंदेबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही."

मला हसू आलं आणि ते मी येऊ दिलं नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. हे कलम कायद्यात बसतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, अजिबात बसत नाही, कोर्टात क्षणभर टिकणार नाही. तिनं साइट उघडली आणि प्रश्नाखाली आणखी एक ओळ घातली: करारात गटाचा सभासद नसण्याची अट आहे. मग मला म्हणाली, दोन ओळींत सांग आज काय करायचं. दोन म्हणजे दोन. मी सात सांगितल्या. तिनं पाच खोडल्या.

तिची स्वतःची केस तिनं लढू दिलेली नाही. सासरे रोज सकाळी बाहेर जाऊन उभे राहतात, आणि जोवर ते जातात तोवर तो विषय काढायचा नाही, असं तिनं मला सांगून ठेवलंय. मी गप्प आहे. मला ते जमतंय याचं नवऱ्याला आश्चर्य वाटतं.

पण ती ओळ चढली त्याच दिवशी दुकानात फोन वाजला. एक बाई होती. तिनं तिच्या करारातली अट मला वाचून दाखवली, आणि ती शब्द न् शब्द तीच होती. ती ठेवते न ठेवते तो दुसरा फोन आला. मग तिसरा. मास्तर यंत्र थांबवून माझ्याकडे बघायला लागले. भिंत उतरल्यापासून एवढ्या लोकांनी सह्या केल्या होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पुढच्या फोनवरच्या माणसाला मी सवयीनं पूर्ण नाव आणि गल्ली विचारली. पलीकडून आवाजच येईना.

"राहू द्या," मी म्हटलं. "आधी घरात काय झालंय ते सांगा."